सर्व्हर मुंबईत, वजनकाटा इथंच

कोल्हापुरात सर्व्हर कुठं ठेवायचा हा प्रश्न बरीच वर्षं कुणाला पडत नव्हता. ऑफिसात जिथं जागा उरेल तिथं तो बसायचा. अकाउंटंटच्या टेबलाखाली, जिन्याखालच्या खोलीत, जुन्या चलनांच्या गठ्ठ्यांशेजारी. ऑगस्ट २०१९ नं तो प्रश्न उभा केला आणि जुलै २०२१ नं तो पक्का केला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांतल्या तळमजल्यांची काय गत झाली ते सगळ्या गावानं पाहिलं. पण त्या पुरानं आणखी एक गोष्ट दाखवली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. अशा वेळी एमआयडीसीतल्या कोरड्या खोलीत सुखरूप असलेला सर्व्हरही उपयोगाचा राहत नाही. मालक शहरात, यंत्र पलीकडं, मधे पाणी. डेटा शाबूत असतो आणि तरी पगारपत्रक निघत नाही.

त्यानंतर उद्यमनगरापासून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपर्यंत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, जायची बोलणी सुरू झाली. कारण खरं आहे आणि इच्छाही रास्त आहे. मात्र पुराच्या भीतीनं घेतलेला निर्णय एकाच धोक्याकडं बघतो, बाकीचे दहा धोके मागाहून एकेक करून समोर येतात. आणि त्यातले बहुतेक तंत्रज्ञानाचे नसतात. आपल्याच ऑफिसात वर्षानुवर्षं कुणी लिहून न ठेवलेल्या गोष्टींतून ते उगवतात. कोणता संगणक कशाला जोडलाय, कुठला पासवर्ड कुणाकडं आहे, नेट गेलं तर गेटवरचा माणूस काय करतो. सर्व्हर खोलीत असेपर्यंत हे न लिहिताही चालून जातं. तो मुंबईला गेला की चालत नाही.

आधी जागेचा खुलासा. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी इमारतीतले संगणकच. भारतात ॲमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, २०१६ पासून आणि हैदराबादचं २०२२ पासून आहे. मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत, गुगलची मुंबई आणि दिल्लीत. नवं खातं उघडल्यावर पडद्यावर अनेकदा अमेरिकेतलं एखादं रीजन आधीच निवडलेलं असतं. तिथं लक्ष गेलं नाही की पहिला सर्व्हर अमेरिकेत उभा राहतो आणि मग सगळं संथ का चाललंय याचा शोध सुरू होतो. कंपनी कायद्याखाली येणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ वेगाचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमांनुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग चालू असणं सक्तीचं आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. स्थलांतर करताना जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर तसंच उचलून नेलं तर ऑडिटर पहिलं बोट तिथंच ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो यादीला, आणि सगळ्यात कमी दिला जातो तोही तिलाच. एखाद्या मध्यम फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काय काय असतं बघा. हिशेबाचं टॅली आहे, खरेदी-साठा-उत्पादन सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर आहे, ड्रॉइंगचं फोल्डर आहे. एवढं सगळ्यांना आठवतं. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला जुना विंडोज संगणक, जो कार्बन-सिलिकॉन-मँगनीजचे आकडे एका फोल्डरात टाकतो आणि ईआरपी ते तिथून उचलतं, तो आठवत नाही. हजेरीचं बोटाचं यंत्र, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कायमचा टाकलेला सर्व्हरचा आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. सर्व्हरच्या मागं खोचलेला लायसन्सचा डोंगल, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. खरेदी विभागातली एक्सेलची फाइल, जी रोज रात्री डेटाबेसमधून आकडे उचलते आणि जिचं मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. यातलं काहीही तुटलं की क्लाउड चालत नाही असा बोभाटा होतो.

म्हणून यादी करायला किमान एक पूर्ण महिना द्यावा, दोन आठवडे पुरत नाहीत. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, पगार, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, ग्राहकाच्या पोर्टलवर टाकायचे अहवाल. काही कामं महिन्यातून एकदाच होतात आणि त्यांचे धागेदोरे त्याच दिवशी दिसतात. एक साधं रजिस्टर ठेवावं आणि प्रत्येक ओळीला पाच रकाने पाडावेत: काय आहे, कोण वापरतं, कशाला जोडलंय, किती वेळ बंद चालेल, मालक कोण. शेवटचे दोन रकाने भरताना वाद होतात. ते होऊ द्यावेत. डिस्पॅचवाला म्हणेल पंधरा मिनिटंही चालणार नाही, अकाउंट्स म्हणेल एक दिवस चालेल. पुढचा सगळा खर्च याच उत्तरांवर ठरतो.

टॅलीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण कोल्हापुरातल्या बहुसंख्य धंद्यांची क्लाउडची वाट तिथूनच सुरू होते. टॅली आपला डेटा फाइलींमध्ये ठेवतं आणि त्या फाइली जवळच्या नेटवर्कवर आहेत असं धरून चालतं. त्यामुळं दोन पळवाटा हमखास वापरल्या जातात आणि दोन्ही वाईट. पहिली, डेटाचं फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक फोल्डरात ठेवायचं. दोन माणसं एकाच वेळी काम करायला लागली की सिंक होताना अर्धवट फाइल वर जाते आणि कंपनीचा डेटा करप्ट होतो. दुसरी, सर्व्हर क्लाउडवर, टॅली ऑफिसच्या संगणकावर, आणि मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून काढलेली खाजगी बंद वाट. लेजर उघडायला मिनिटं लागतात, आणि मधेच लाइन तुटली तर पुन्हा तेच करप्शन. बरोबर रीत म्हणजे टॅली आणि डेटा दोन्ही क्लाउडवरच्या एकाच विंडोज सर्व्हरवर ठेवून रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे तिकडचा पडदा आपल्या संगणकावर उघडून, आत जाणं. लाइन तुटली तरी सत्र तिकडं जिवंत राहतं, परत जोडलं की व्हाउचर होतं तिथंच सापडतं.

पण इथं दोन खर्च आणि दोन त्रास लपलेले असतात. विंडोज सर्व्हरमध्ये व्यवस्थापनासाठी फक्त दोन रिमोट सत्रं मिळतात, रोजचं काम करणाऱ्या प्रत्येक माणसासाठी वेगळं रिमोट डेस्कटॉप लायसन्स घ्यावं लागतं. काही स्वस्त पुरवठादार हे लायसन्स न घेताच पंधरा माणसं बसवतात. दर इतका कमी कसा, हे विचारल्याशिवाय करार करू नये. दुसरा खर्च एमएस ऑफिसचा. एका संगणकासाठी घेतलेलं लायसन्स अनेकांच्या सामाईक सर्व्हरवर चालत नाही. त्रासांपैकी पहिला छपाईचा. डॉट मॅट्रिक्सवर छापील स्टेशनरी लावून बिल काढणाऱ्यांची ओळ रिमोट डेस्कटॉपवरून एक-दोन रेघा खाली सरकते, कारण प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, बदललेला असतो. दोन्ही बाजूंना एकच ड्रायव्हर टाकावा आणि कागदाचा आकार हातानं ठरवून द्यावा, नाहीतर सरळ लेझरवर यावं. दुसरा त्रास डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा. ते टोकन आपल्या संगणकाला लावलेलं, पोर्टल उघडलेलं तिकडच्या सर्व्हरवर, आणि सहीचं छोटं सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर ब्राउझर आहे तिथंच टोकन शोधतं. सह्यांचं काम ऑफिसच्या संगणकावरच ठेवावं. त्यासाठी झगडण्यात अर्थ नाही.

आता ईआरपीच्या संथपणाबद्दल, कारण हा दोष नेहमी चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडतो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं साधारण ३८० किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन नुसत्या अंतराचे जवळपास ४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, मधे राउटर असतात, त्यामुळं २० ते ३० मिलिसेकंद धरावेत. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर हाच आकडा अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास असतो. जुन्या पद्धतीनं लिहिलेला प्रोग्राम एक पडदा भरताना डेटाबेसला पाचशे वेळा विचारतो: एक आयटम, एक दर, एक शिल्लक. खोलीतल्या सर्व्हरवर त्याला पाव सेकंद लागत होता, कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. २५ मिलिसेकंदांच्या अंतरावर तोच पडदा साडेबारा सेकंद घेतो. नेटचा वेग १०० एमबीपीएसचा ३०० केला तरी यात काडीचा फरक पडत नाही, कारण अडचण रुंदीची नसून फेऱ्यांची आहे. उपाय दोनच. प्रोग्राम डेटाबेसच्या शेजारी नेऊन ठेवावा आणि माणसांनी ब्राउझरनं किंवा रिमोट डेस्कटॉपनं आत यावं, किंवा पाचशे प्रश्नांचा एक प्रश्न करून प्रोग्राम नव्यानं लिहावा. डेटाबेस एकटा क्लाउडवर आणि प्रोग्राम शिरोलीत, अशी अर्धी वाटचाल सगळ्यात वाईट.

डेटा वर चढवण्याचा हिशेबही आधी कागदावर करावा. २ टीबी ड्रॉइंग आणि स्कॅन केलेली कागदपत्रं १०० एमबीपीएसच्या लाइनवर, ती पूर्ण वेगानं अखंड चालली तर, जवळजवळ ४५ तासांत जातात. अपलोड २० एमबीपीएसच मिळत असेल तर सव्वानऊ दिवस लागतात. शनिवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी नवी व्यवस्था चालू, असं वेळापत्रक आखणाऱ्यानं हा भागाकार केलेला नसतो. जुना, न बदलणारा डेटा आधी दोन-तीन आठवडे रात्रीच्या वेळी वर जाऊ द्यावा. शेवटच्या दिवशी फक्त बदललेला भाग आणि डेटाबेस न्यावा. आणि हे मार्चअखेरीला करू नये, दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात करू नये.

स्थलांतरात दोन बारीक गोष्टी हमखास निसटतात. क्लाउडवरचा नवा सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक वेळेवर असतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं. रात्रपाळी चालणाऱ्या फाउंड्रीत पहाटे साडेपाचच्या आधी नोंदवलेल्या हीटवर, म्हणजे भट्टीच्या एका वितळणीवर, आदल्या दिवसाची तारीख पडते. महिन्याच्या पहिल्या तारखेला उत्पादन आणि साठा जुळत नाही, आणि चूक कुठं आहे हे शोधायला दोन दिवस जातात. सर्व्हर आणि डेटाबेस दोघांचीही वेळ तपासावी.

दुसरी गोष्ट मराठीची. साखर कारखाने, दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था यांच्याकडं सभासदांची नावं अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये भरलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हं. फाँट नसलेल्या सर्व्हरवर तीच नावं निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, बदलायचं तर ऱ्हस्व इकार आणि रफार यांची जागा बदलते. जुन्या फाँटमध्ये ते अक्षर जसं दिसतं त्या क्रमानं साठवलेलं असतं, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळं बदलणाऱ्या प्रोग्रामची परीक्षा गिरीश, सूर्यकांत, कऱ्हाडे, ज्ञानेश्वर अशा नावांवर घ्यावी. ती नीट आली तर बाकीची येतात. आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये जुना रकाना युनिकोड न धरणाऱ्या साध्या व्हारचार प्रकारचा राहिला तर मराठीच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं येतात. ती नावं मग त्या रकान्यातून परत मिळत नाहीत, मूळ फाइलच लागते. सभासदाचं नाव ही त्याच्या हक्काची नोंद आहे. इथं घाई केलेली मला सहन होत नाही.

वजनकाट्याचा विषय इथं येतो. साखर कारखान्याच्या गेटवर हंगामात बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक रात्रंदिवस रांगेत असतात. काटा बहुधा जुन्या सिरियल पोर्टनं संगणकाला जोडलेला. हा संगणक वजन थेट मुंबईच्या सर्व्हरवर लिहीत असेल आणि रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडलं, तर रांग थांबते. ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. नुकसान शेतकऱ्याचं आणि कारखान्याचं, दोघांचंही. म्हणून काट्याची नोंद आधी जागेवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये पडली पाहिजे, पावती तिथूनच निघाली पाहिजे, आणि लाइन असेल तेव्हा ती वर गेली पाहिजे. यात एक खाच आहे. पावतीचा क्रमांक क्लाउडकडून येत असेल तर लाइन गेल्यावर क्रमांकच मिळत नाही. प्रत्येक काट्याला स्वतःची क्रमांकमालिका द्यावी, काटा क्रमांक आणि त्यापुढं अनुक्रम, म्हणजे नंतर एकत्र करताना टक्कर होत नाही. फाउंड्रीतली भट्टीची नोंद, दूध संकलन केंद्रावरचं फॅटचं माप, यांनाही हेच लागू पडतं. जिथं माणूस किंवा माल रांगेत उभा आहे तिथली पहिली नोंद स्थानिकच असावी, असं माझं ठाम मत आहे.

लाइन दोन घ्याव्यात हे सगळे सांगतात. दोन्ही एकाच खांबावरून येतात का, हे कुणी बघत नाही. वेगळ्या कंपन्यांची फायबर अनेकदा शेवटच्या काही शे मीटरमध्ये एकाच वाटेनं येते आणि एकाच खोदाईत तुटते. दुसरी लाइन मोबाइल नेटवर्कवरची असलेली बरी, आणि राउटर असा की पहिली गेल्यावर आपोआप दुसरीवर जाईल. फायबरचा डबा आणि राउटर यूपीएसवर आहेत का तेही बघावं. सर्व्हर मुंबईत चालू, ऑफिसात लॅपटॉपला बॅटरी, आणि वीज गेल्यावर बंद पडतो तो दोन हजारांचा डबा. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. सरकारी पोर्टलकडून बिलाचा आयआरएन नंबर आल्याशिवाय ट्रक गेटबाहेर जात नाही, मग सर्व्हर कुठंही असो. एवढ्यासाठी तरी दुसरी लाइन हवीच.

हंगामाचा मुद्दा क्लाउडच्या बाजूचा आहे आणि तो मनापासून मांडायला हवा. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे त्या चार-पाच महिन्यांत हजारो सभासदांची बिलं, तोडणी-वाहतुकीच्या कपाती, बँकेच्या याद्या, सगळं ठरलेल्या दिवशी निघालंच पाहिजे. उरलेल्या काळात तोच सर्व्हर बहुतांश रिकामा. विकत घेतलेलं यंत्र हंगामाच्या मापाचं घ्यावं लागतं. भाड्यानं घेतलेलं हंगामात मोठं आणि एप्रिलनंतर छोटं करता येतं. गुळाच्या व्यापाऱ्यालाही हे लागू आहे.

पण हा फायदा मागितल्याशिवाय मिळत नाही. बिल वाढतं त्यामागं बहुतेक वेळा एकच कारण असतं, बंद करायचं राहून गेलेलं काहीतरी. महिन्यात सरासरी ७३० तास. चाचणीचा सर्व्हर दिवसाला १२ तास आणि २६ दिवस चालला तर ३१२ तास होतात, बिल निम्म्याहून खाली येतं. तरी शून्यावर येत नाही, कारण सर्व्हर बंद केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं, वापरा अथवा न वापरा. डेटा आत नेणं साधारण फुकट आणि बाहेर काढणं विकत. मुंबईतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक जीबीला, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर, नऊ-दहा रुपये पडतात. रोज संध्याकाळी पूर्ण बॅकअप ऑफिसात उतरवून घेणाऱ्यांना हा आकडा उशिरा कळतो. बदललेला भागच उतरवावा.

आकारमानाची चूकही नेहमीची. ऑफिसातला सर्व्हर पाच वर्षांची वाढ धरून घेतलेला असतो आणि क्लाउडवर त्याच मापाचा मागितला जातो. आधी एक महिना जुन्या यंत्रावर सीपीयू आणि मेमरी मोजावी. सरासरी वापर १०-१५ टक्के निघाला तर एक पायरी खालचा आकार घ्यावा, साधारणपणे प्रत्येक पायरीला दर निम्मा होतो. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी दिली की सवलत मोठी मिळते, पण पहिल्या तीन महिन्यांत ती देऊ नये. खर्चाचा इशारा ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर लावावा. हा इशारा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. तो ईमेल रोज वाचणाऱ्या माणसाकडं जायला हवा. आणि एक स्पष्ट सांगतो: पंधरा माणसांचं, वर्षभर एकाच मापानं चालणारं काम असेल, तर पाच वर्षांच्या हिशेबात स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडू शकतो. क्लाउडवर जायला पूर, सुरक्षितता, दोन-तीन ठिकाणची ऑफिसं अशी भक्कम कारणं आहेत. स्वस्ताई हे कारण धरून गेलेला माणूस दुसऱ्याच तिमाहीत नाराज होतो.

सुरक्षिततेबद्दलचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. उद्यमनगरात भाड्यानं गाळा घेतला तर छप्पर आणि भिंती मालकाच्या, पण कुलूप, आतलं लेथ आणि रात्रीची राखण आपली. क्लाउडचा करार नेमका तसाच आहे. इमारत, वीज, डिस्क बदलणं हे त्यांचं. पासवर्ड, विंडोजचे अपडेट, कुणाला काय दिसतं, बॅकअप चालू आहे की नाही, हे आपलं. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, सगळ्या जगाला उघडं ठेवलेला सर्व्हर काही तासांत स्वयंचलित हल्ल्यांच्या नजरेस पडतो. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरची ही नेहमीची वाट. ते पोर्ट व्हीपीएनच्या आत घ्यावं, प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन असावं, आणि पासवर्डबरोबर मोबाइलवरचा दुसरा कोड सक्तीचा करावा. अकाउंट्समध्ये चौघांना मिळून एकच लॉगिन ही सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्याला मालकाचा शब्द लागतो. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं आणि लॉग, म्हणजे यंत्रांतल्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. लहान उद्योगांनाही यातून सूट नाही.

याहून साधा प्रश्न असा, की क्लाउडचं मूळ खातं कुणाच्या ईमेलवर आहे? बसवून देणाऱ्या पुरवठादाराच्या, की नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? खातं, डोमेन आणि ईमेल हे तिन्ही कंपनीच्या नावावर, व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या पत्त्यावर असावेत, आणि मूळ खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत. रोजच्या कामाला ते खातं वापरूच नये. भरणा क्रेडिट कार्डवर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांच्या वरच्या आपोआप वसुलीला दर वेळी ओटीपी लागतो. तो कुणी दिला नाही की बिल थकतं, स्मरणपत्रं कुणी न बघणाऱ्या ईमेलवर जातात, आणि शेवटी सर्व्हर बंद होतो. इनव्हॉइस आणि बँक ट्रान्सफरची सोय करून घ्यावी. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळण्यासाठी खात्यात आपला जीएसटी नंबर भरलेला हवा, हेही पहिल्याच दिवशी बघावं.

राहिला बॅकअप. क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत अजून पुसली गेलेली नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत जळून गेली, आणि ज्यांनी दुसरीकडं प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात घुसखोर शिरला. सर्व्हर आणि बॅकअप एकाच खात्यात होते, त्यानं दोन्ही पुसले, आणि कंपनी बंद पडली. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगल क्लाउडवरची व्यवस्था, दोन ठिकाणच्या प्रतींसकट, मांडणीतला एक रकाना रिकामा राहिल्यामुळं पुसली गेली. सहा लाखांवर सभासदांची सेवा आठवडाभर बंद होती. ती उभी राहिली यात दुसऱ्या पुरवठादाराकडं ठेवलेल्या प्रतींचा मोठा हात होता. या तीन घटनांतून आपल्याला हवं ते मिळतं. एक प्रत दुसऱ्या शहरात, एक प्रत दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या पुरवठादाराकडं, आणि त्यातली किमान एक ठराविक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही अशी कुलूपबंद. आठवड्याला एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलेली प्रत अजूनही उपयोगाची आहे, फक्त ती डिस्क वरच्या मजल्यावर ठेवावी.

ऑटोमोबाइल कंपन्यांना माल देणाऱ्या फाउंड्रींचा यात आणखी एक पदर आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकानुसार पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं तो पार्ट उत्पादनात आणि सेवेत असेपर्यंत, आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष, जपावी लागतात. जुना डेटा स्वस्त साठवणीत टाकायचा मोह रास्त आहे. पण ॲमेझॉनची सगळ्यात स्वस्त डीप अर्काइव्ह साठवण फाइल परत द्यायला १२ तासांपर्यंत घेते, आणि १८० दिवसांच्या आत पुसलं तरी पूर्ण मुदतीचं भाडं लावते. ऑडिटर समोर बसलेला असताना १२ तास फार होतात. चालू पार्टची कागदपत्रं साध्या साठवणीत, बंद झालेल्या पार्टची खालच्या थरात.

पुरवठादाराच्या करारात सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असं लिहिलेलं असतं आणि ते ऐकायला पुरेसं वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद. ९९.५ असेल तर ३ तास ३६ मिनिटं. भरपाई म्हणून मिळतं ते पुढच्या बिलातली थोडी सूट, बुडालेला डिस्पॅच भरून मिळत नाही. म्हणून करारातल्या टक्क्यांपेक्षा स्वतःची तालीम महत्त्वाची. दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवावा, बॅकअपमधून रिकाम्या सर्व्हरवर सगळं उभं करावं आणि घड्याळ लावावं. अकाउंटंटला बसवून कालच्या तारखेची ट्रायल बॅलन्स काढायला सांगावी, स्टोअरच्या माणसाला एखाद्या आयटमचा साठा विचारावा. आकडे जुळले आणि वेळ रजिस्टरातल्या रकान्यात बसला तरच तो बॅकअप धरावा. पहिल्या तालमीत काही ना काही राहिलेलं सापडतंच. एखादं लायसन्स जुन्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं, एखादा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो. ही तालीम जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा, ऑफिसच्या बाहेरून, घरच्या नेटवर बसून करावी. ज्यांनी कामं करायची त्या सगळ्यांकडं लॅपटॉप, व्हीपीएन आणि कोडचा मोबाइल आहे का, ते त्या दिवशीच कळतं. ज्याच्याकडं नसेल त्याचं नाव लिहून घ्यावं आणि जुलैच्या आत सोय करावी.